हत्यार घरचे, माप पुस्तकाचे

मोटारसायकलच्या पुढच्या दोन पायांत तेल असते, ही गोष्ट ती रोज चालविणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते. इंजिनातले तेल सर्वांना माहीत. ते वेळच्या वेळी बदलले जाते, त्याची पावतीही जपून ठेवली जाते. परंतु हँडलपासून पुढच्या चाकापर्यंत उतरणाऱ्या त्या दोन चकचकीत नळ्या, गॅरेजमध्ये ज्यांना शॉकअप म्हणतात, त्यांच्या पोटातही प्रत्येकी लहान पेलाभर तेल असते आणि ते वर्षानुवर्षे कोणाच्या स्मरणात नसते. त्याची आठवण होते ती ते बाहेर पाझरू लागले म्हणजे.

आमच्या घरची मोटारसायकल दीडशे सी.सी.ची, पुढे डिस्क ब्रेक असलेली, अकरा पावसाळे पाहिलेली. आरंभी ती आम्ही वापरीत असू. गेली तीन वर्षे ती आमच्या कन्येच्या हाती आहे. कन्या परिचारिका आहे. वसईच्या किनाऱ्यालगतच्या आमच्या गावातून तिला महामार्गाजवळच्या रुग्णालयात जावे लागते. आठवड्यातून दोन रात्री तरी ती अशा अवेळी निघते किंवा परतते, की त्या वेळी बस नसते आणि रिक्षाचा भरवसा नसतो. तिची आई खिडकीशी जागी असते. आम्ही जागे नसल्याचे दाखवितो, एवढाच काय तो फरक.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका सकाळी कन्या म्हणाली, “बाबा, उजव्या शॉकअपला तेलाची कडी दिसते आहे.” आम्ही बसून पाहिले. चकचकीत नळीवर, जेथपर्यंत ती आत-बाहेर सरकते तेथे, तेलाचे एक पातळ वलय उमटले होते आणि त्यावर रस्त्याची तांबडी धूळ चिकटली होती. पुढचा ब्रेक दाबून हँडलवर भार दिला, तर गाडीचे नाक खाली गेले आणि वर येऊन पुन्हा एकदा डुलले. गॅरेजात विचारले. तेथे गर्दी होती. गाडी आठ दिवस ठेवावी लागेल. तोवर पुसत राहा, चालते, असे उत्तर मिळाले. उत्तर देणारा मनुष्य वाईट नव्हता. त्याच्यापुढे बावीस गाड्या उभ्या होत्या आणि आमची तेविसावी होती.

पुसत राहिले तर चालते हे खरे. परंतु किती दिवस आणि कोणाच्या जिवावर, हा प्रश्न उरतो. शॉकअपच्या नळीतली स्प्रिंग खड्ड्याचा धक्का झेलते; पण स्प्रिंगचा स्वभाव असा, की घेतलेले ती परत देते. तिला तसेच सोडले तर गाडी उड्या मारीत जाईल. तिला आवर घालण्याचे काम तेल करते. बारीक छिद्रांतून तेल जाता-येता धक्क्याची शक्ती उष्णतेत विरून जाते आणि चाक रस्त्यास धरून राहते. तेल कमी झाले म्हणजे ही पकड सुटू लागते. त्याहून मोठे संकट निराळेच आहे. पाझरणारे तेल नळीवरून ओघळत खाली उतरते, आणि खाली ब्रेकची डिस्क असते. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबविण्याच्या कामाचा मोठा वाटा पुढच्याच ब्रेकचा असतो. त्या डिस्कवर तेलाचा हात फिरला, तर रात्री दोन वाजता महामार्गाच्या वळणावर काय होईल, हे सांगावयास नको.

काम घरी करावे असे आम्ही म्हणालो, तेव्हा घरात दोन मते झाली. सौभाग्यवतींचे म्हणणे असे, की पोरीच्या जिवाशी खेळ नको. हे काम शिकलेल्या माणसाचे आहे, आणि तुमच्यापाशी तर धड हत्यारेही नाहीत. हे म्हणणे खोटे नव्हते. आमच्यापाशी पाने होते, ॲलन कीचा संच होता, पक्कड व हातोडी होती. परंतु या कामासाठी कारखान्याने जी खास हत्यारे ठरविलेली आहेत, त्यांपैकी एकही नव्हते.

यावर कन्येने जे उत्तर दिले, त्याने आमच्या कामास दिशा मिळाली. ती म्हणाली, “आई, आमच्याकडे तरी सगळी हत्यारे कोठे असतात? मोडलेल्या पायाला ओढ द्यायला वजने कमी पडली, तर वाळूची पिशवी टांगतो. पण ती तोलून टांगतो. आणि औषधाचा डोस मात्र कधी अंदाजाने देत नाही.” मग आमच्याकडे वळून तिने अट घातली: “बाबा, हत्यार काही का असेना, माप पुस्तकातलेच हवे. आणि जे तुम्ही आवळाल ते मी तपासेन.” गाडीचे दुरुस्ती-पुस्तक तिने कोठून तरी मिळविले. त्यातील तेलाची प्रत, तेलाचे प्रमाण, प्रत्येक बोल्ट किती आवळावा त्याचे आकडे, हे सारे तिने एका कागदावर रुग्णपत्रिकेसारखे रकाने आखून उतरवून काढले. तो कागद ओटीवरच्या खांबास चिकटविला आणि मगच कामास हात घातला.

सील बदलण्यापूर्वी ते बदलण्याची खरोखर गरज आहे का, हे पाहावे लागते. कधी कधी सील फाटलेले नसते. त्याच्या ओठाखाली वाळूचा कण अडकलेला असतो आणि तेवढ्या फटीतून तेल येते. त्यासाठी जुन्या फोटोंची निगेटिव्ह फार उपयोगी. वरचे धुळीचे सील सरकवून, त्या पातळ पट्टीचे टोक तेलाच्या सिलाखाली हळूच घालून भोवती फिरविले, तर कण बाहेर येतो. आमच्या लग्नाच्या अल्बमच्या मागच्या खिशातली निगेटिव्ह या कामी आली. काळा चिखल पुष्कळ निघाला, तेल मात्र थांबले नाही. तेव्हा ओठच गेला, हे नक्की झाले.

दुसरी परीक्षा नळीची. समुद्राजवळच्या हवेत नळीवरच्या क्रोमला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. जेथे सील सरकते त्या भागात असा खड्डा असेल, तर नवे सीलही थोड्याच दिवसांत फाटते. मग सील बदलणे म्हणजे फुटक्या घागरीला नवे झाकण घालणे. कन्येने डोळे मिटून नळीवरून नख फिरविले. नख कोठेही अडकले नाही. ते अडकले असते, तर नवी नळी आणावी लागली असती आणि घरच्या कामाचा विचार तेथेच थांबला असता.

गाडी उभी करणे ही पहिली पायरी. तीत कसर करू नये. पुढचे चाक काढल्यावर गाडी नाकावर कलंडू पाहते. मेन स्टँडखाली फळी, इंजिनाखाली भाजीचा मजबूत लाकडी खोका व त्यावर पाचर, आणि मागचा कॅरिअर दोरखंडाने ओटीच्या खांबास बांधलेला, अशी तिहेरी व्यवस्था केली. मग गाडीस दोन्ही बाजूंनी धक्के देऊन पाहिले. ज्या गाडीखाली हात घालावयाचा आहे, ती एकाच आधारावर कधी ठेवू नये.

ब्रेकचे कॅलिपर सोडवून ते तारेने हँडलास टांगले. ते आपल्या रबरी नळीवर लोंबकळू देणे बरे नव्हे. दोन पॅडांच्या मध्ये लाकडाचा तुकडा ठेवला. कोणी चुकून ब्रेक दाबला, तर आतले पिस्टन बाहेर येऊ नयेत म्हणून. चाक निघाले, मडगार्ड निघाले. यापुढे एक क्रम ध्यानी ठेवावा लागतो. शॉकअपचे पाय हँडलखालच्या पकडीतून काढण्यापूर्वीच, पाय घट्ट धरलेला असताना, वरच्या टोपणाचे बोल्ट आणि बुडाचे ॲलन बोल्ट जरासे सैल करून घ्यावयाचे. टोपणाखाली दाबलेली स्प्रिंग असते. टोपण पुरते काढताना वरून तळहात आणि जाड फडके दाबून धरले नाही, तर ते तोंडावर उडते.

बुडाच्या ॲलन बोल्टाची गोष्ट सर्व मेकॅनिकांना ठाऊक आहे. हा बोल्ट नळीच्या आतल्या दांडीत बसलेला असतो. बोल्ट फिरविला की दांडीही त्याच्याबरोबर फिरते; दिवसभर फिरवीत बसले तरी तो निघत नाही. दांडी आतून धरून ठेवण्यासाठी कारखान्याचे लांब हत्यार असते. आमच्याकडे फरशी पुसण्याचा लाकडी दांडा होता. त्याचे टोक विळ्याने निमुळते केले, स्प्रिंग काढलेल्या नळीतून ते आत घातले आणि दांडीच्या डोक्यात हातोडीच्या दोन ठोक्यांनी रुतविले. लाकूड मऊ, ते दांडीच्या कडेस चावले, पण तिला ओरखडा पडला नाही. कन्येने दांडा दोन्ही हातांनी धरला, आम्ही खालून ॲलन की फिरविली आणि बोल्ट सुटला. कारखान्याचे हत्यार काय करते, तर दांडी फिरू देत नाही. एवढे एक काम ज्याने होईल, ते त्या कामापुरते तेच हत्यार.

आतले तेल बाहेर आले ते राखी रंगाचे आणि कुजकट वासाचे. अकरा वर्षांच्या घासण्यातून निघालेली धातूची पूड त्यात होती. ते आम्ही बाटलीत भरून बूच लावून ठेवले व पुढे गॅरेजातल्या जुन्या तेलाच्या पिंपात नेऊन ओतले. आमच्या गावात अजून बावखले आहेत, विहिरी आहेत. परसात ओतलेले तेल उद्या कोणाच्या पोहऱ्यात येईल, हे सांगता येत नाही. घरी दुरुस्ती करणाऱ्याने आपली घाणही आपणच निस्तरावी.

नळ्या रात्रभर उलट्या टांगून निथळत ठेवल्या. जुनी सिले हाती घेऊन बसलो असता त्यांच्या कुळाचा विचार मनात आला. १९३५ साली जर्मनीतील बी.एम.डब्ल्यू. कारखान्याने आर-१२ आणि आर-१७ या आपल्या मोटारसायकलींना तेलाने आवरलेला, नळीत नळी सरकणारा पुढचा शॉकअप बसविला. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, ब्रिटिश लष्कराच्या मॅचलेस जी-३/एल या गाडीवरही तशी रचना आली आणि युद्धानंतर ती जगभर रूढ झाली. आज आपल्या रस्त्यांवरील बहुतेक मोटारसायकलींचे पुढचे पाय त्याच जातीचे आहेत.

तेल अडविणाऱ्या कडीची कथा तर अधिकच घरगुती आहे. जर्मनीतल्या वाइनहाइम गावी फ्रॉयडेनबर्ग नावाचा कातडी कमावण्याचा कारखाना होता. तेथे १९२९ च्या सुमारास यंत्रांसाठी चामड्याची सिले होऊ लागली. वाल्टर झिमर या अभियंत्याच्या नावावरून तेथल्या कडीला झिमररिंग हे नाव पडले. चामड्याची जागा पुढे कृत्रिम रबराने घेतली. सायकलच्या पंपातला चामड्याचा वायसर आमच्या पिढीने तेलात भिजवून कितीदा तरी पुन्हा उभा केला आहे. ही कडी म्हणजे त्याच घराण्यातली. तिच्या पोटात लोखंडाचे कडे असते, आणि आतल्या ओठाभोवती केसासारख्या तारेची वळवलेली स्प्रिंग असते. ती ओठाला नळीशी हलकेच आवळून धरते. आमच्या जुन्या सिलाचा ओठ एके ठिकाणी तांदळाच्या कणीएवढा तुटला होता. तेवढ्यासाठी एवढा खटाटोप.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पायांची सिले बदलण्याचे ठरले. पाझर एकाच पायाला होता. परंतु दोन्ही सिलांनी पावसाळे सारखेच पाहिलेले. शिवाय एका पायात नवे तेल व दुसऱ्यात जुने असले, तर दोन पाय दोन रीतींनी चालतील.

जुने सील त्याच्या बैठकीत घट्ट रुतून बसलेले असते. आधी त्यावरची तारेची कडी, जिला गॅरेजात लॉक म्हणतात, ती पेचकसाने काढावयाची. मग बाहेरच्या ॲल्युमिनियमच्या नळीभोवती फडके गुंडाळून त्यावर उकळते पाणी ओतले. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. त्यामुळे लोखंडी कडे असलेले सील आपली पकड जराशी सोडते. भाताच्या जाड डावाचे टोक सिलाखाली घातले, आणि डाव जेथे टेकतो तेथे काठावर जुन्या ट्यूबचा रबरी तुकडा ठेवला. हा तुकडा फार महत्त्वाचा. सील फाटले तर फाटो, ते जावयाचेच आहे. परंतु त्याच्या बैठकीवर ओरखडा पडला, तर नवे सील बाहेरच्या अंगाने गळू लागते. एक-दोनदा पाणी ओतून, डाव चारी बाजूंनी फिरवीत नेल्यावर सील वर आले. तो डाव पुन्हा भातास मिळणार नाही हे उघडच होते. तशी परवानगी आधीच घेतलेली होती.

नवी सिले आम्ही मूळ कंपनीचीच घेतली. दुकानात तशीच दिसणारी, निम्म्या किमतीची सिलेही होती. दुकानदाराने ती पुढे केली तेव्हा कन्येने फक्त मान हलविली. येथेच आमच्या कामाची सीमारेषा होती. दांडा मोरीतला चालेल, डाव स्वयंपाकघरातला चालेल. कारण काम झाले की ते बाजूस होतात आणि गाडीबरोबर जात नाहीत. जे गाडीबरोबर जाणार आहे, जे रात्री महामार्गावर तिच्या हातांखाली असणार आहे, त्यात “त्यासारखे” काही चालणार नाही.

सील बसविण्यासाठी जड, पोकळ, गोल असे एक हत्यार मिळते. आमच्याकडे घराच्या नळकामातून उरलेला सव्वा इंची पी.व्ही.सी. पाइपाचा हातभर तुकडा होता. नळीवरून तो सहज सरके, आणि सिलाच्या कड्यावर त्याची कड नेमकी टेके. त्याचे टोक अगदी सरळ कापून, कानसीने घासून गुळगुळीत केले. नळीच्या वरच्या टोकास तेल लावलेली प्लॅस्टिकची पिशवी घातली, जेणेकरून टोकाच्या धारेने सिलाचा कोवळा ओठ कापला जाऊ नये. सील तेलात भिजवून, तारेची स्प्रिंग तेलाच्या बाजूस म्हणजे खाली येईल असे ते सरकविले. त्यावर जुने सील ठेवले. ते आधी एके ठिकाणी चिरून घेतले होते. नवे सील आत जाताना तेही मागोमाग जाऊन अडकून बसले, तर काढता यावे म्हणून. मग पाइप सोडून वरून हलके ठोके. एका अंगास जोर पडू नये यासाठी पाइप फिरवीत राहावयाचे. आवाज बदलतो. आरंभी तो पोकळ असतो; सील तळास टेकले म्हणजे भरीव होतो. तरी आवाजावर विसंबू नये. लॉकची खाच पूर्ण गोल दिसू लागली, लॉक तीत टच्‌कन बसले, आणि पेचकसाच्या टोकाने फिरवून ते सर्व बाजूंनी बसल्याचे पाहिले, तेव्हाच ते झाले असे म्हणावयाचे.

बुडाच्या बोल्टास नवा तांब्याचा वायसर घातला. यानंतर तेल. येथे कन्या पुढे आली आणि आम्ही मागे सरलो. तिने औषधाच्या दुकानातून पन्नास मिलिलिटरची नवी सिरिंज आणली होती. खांबावरच्या कागदाकडे पाहून, प्रत्येक वेळी सिरिंज उभी धरून, हवेचे बुडबुडे काढून, ती मोजून तेल घालीत होती आणि प्रत्येक सिरिंजेसरशी कागदावर रेघ ओढीत होती. आम्ही म्हणालो, “बाय, पाच-सात मिलिलिटर इकडेतिकडे झाले तर काय बिघडते?” तिने वर न पाहताच म्हटले, “बाबा, हेच आम्हाला रुग्णाचे नातेवाईकही विचारतात.”

तिचे म्हणणे केवळ शिस्तीचे नव्हते. शॉकअपमध्ये तेलाच्या वर जी हवा उरते, तीही दाबली जाऊन स्प्रिंगचे काम करते. तेल जास्त झाले तर हवेला जागा कमी. खड्ड्यात शॉकअप पूर्ण दबला की आत भलताच दाब होतो आणि नवे सीलच बाहेर फेकले जाऊ शकते. तेल कमी झाले तर आवर कमी. दोन पायांत वेगवेगळे झाले तर दोहोंचा मेळ जमत नाही. तेल भरल्यावर नळी हळूहळू वर-खाली करून आतली हवा काढली. मग स्प्रिंग घालण्यापूर्वी नळी पूर्ण दाबून, लाकडी पट्टीने वरून तेलाची पातळी दोन्ही पायांत तपासली. पातळी सारखी होती.

राहिला प्रश्न बोल्ट आवळण्याचा. किती आवळले हे दाखविणारा टॉर्क पाना आमच्याकडे नव्हता, आणि हाताच्या अंदाजावर तर अट घातलेली होती. शेजारी फुलांचा व भाजीचा व्यापार आहे. त्यांच्याकडे आकड्याला टांगून वजन करावयाचा स्प्रिंगचा काटा असतो. तो मागून आणला. आधी त्यास दहा किलो तांदळाची सीलबंद गोणी लावून तो खरे सांगतो की नाही हे पाहिले. मग पान्याच्या दुसऱ्या टोकाच्या कड्यात काट्याचा आकडा अडकविला. बोल्टाच्या मध्यापासून आकड्यापर्यंतचे अंतर मोजले, ते पाव मीटर भरले. पान्याशी काटकोनात दहा किलोची ओढ दिली, म्हणजे बोल्टावर अडीच किलोग्रॅम-मीटरचा पीळ पडतो. न्यूटन-मीटरमध्ये तो सुमारे साडेचोवीस. पुस्तकातल्या प्रत्येक आकड्यास किती किलोची ओढ लागते, याचा हिशेब कन्येने आधीच कागदावर मांडला होता. आम्ही ओढीत होतो, ती काट्याकडे पाहत होती, आणि आकडा येताच “बस” म्हणत होती. झेंडूची फुले तोलणारा काटा त्या दिवशी ब्रेकचे बोल्ट तोलीत होता. हत्यार सर्वस्वी उसने. पण माप पूर्णपणे खरे.

चाक बसविल्यावर ॲक्सल पूर्ण आवळण्यापूर्वी गाडी खाली घेऊन, पुढचा ब्रेक दाबून, शॉकअप चार-पाच वेळा खाली-वर केला. त्याने दोन्ही पाय आपापल्या जागी समांतर येतात. डिस्क स्पिरिटने पुसली. तेल लागलेले पॅड पुसून वापरता येत नाहीत; ते तेल पितात. म्हणून नवे पॅड घातले. ब्रेकचा दांडा कडक लागेपर्यंत दाबला. शेवटी कन्येने प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासला आणि तपासलेल्या प्रत्येक बोल्टावर, अर्धा बोल्टावर व अर्धा शेजारच्या धातूवर येईल असा, लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. बोल्ट जरासा जरी फिरला, तरी ठिपका दुभंगून दिसावा. रुग्णालयात धोक्याचे औषध एक जण भरतो, दुसरा वाचतो, मग दोघे सही करतात, तसेच हे.

गाडी तयार झाली आणि एक अवघड क्षण आला. पहिल्यांदा कोणी चालवावयाची? आम्ही चावी हाती घेतली. बाप म्हणून तो आमचा हक्क वाटला. कन्या म्हणाली, “आधी तुम्ही, मग मी, पण दोघांनीही.” आम्ही गल्लीत चालण्याच्या वेगाने गेलो, ब्रेक लावले, परत आलो. नळी पुसली, पाहिली, कोरडी होती. मग ती गेली. ती वळणाआड दिसेनाशी झाली, तेवढ्या अर्ध्या मिनिटात आम्हांस जे उमगले ते सांगण्यासाठीच खरे तर हा सारा लेखनप्रपंच.

गाडी गॅरेजात दिली असती, तर तेव्हाही ती अशीच वळणाआड गेली असती. परंतु आमच्या मनात दुसऱ्या कोणाचा तरी हात असता. काही बरेवाईट झाले, तर बोट दाखवावयास एक पाटी असती. पैसे देऊन आपण दुरुस्ती विकत घेतो, असे आपणांस वाटते. त्याबरोबर आपण निश्चिंतीही विकत घेतो, आणि ती मात्र पुष्कळदा खोटी असते. कारण गाडी चालविणारे माणूस आपलेच असते, मग पाटी कोणाचीही असो. घरी केलेल्या कामात ती पाटी नाही. तेथे आपण आणि आपले माणूस, मध्ये चार बोल्ट. म्हणूनच घरच्या कामास माप अधिक कडक लागते, सैल नव्हे. “घरचेच आहे, चालेल” हे वाक्य ज्या घरात ऐकू येते, तेथे हे काम करू नये.

आणि हेही खरे, की गॅरेजातल्या त्या मनुष्याविषयीचा आमचा आदर या कामाने वाढला. दोन दिवस आम्ही दोघे एका गाडीपाशी बसलो. त्याच्यापुढे बावीस उभ्या होत्या. त्याच्याकडून आम्हीही त्याच मापाची अपेक्षा करतो. मग त्याला तेवढा वेळ देण्यास आणि त्याचे मोल मोजण्यास आम्ही तयार असतो का?

आठ दिवसांनी, महिन्याने, आणि पुढे पहिल्या सर्व्हिसिंगच्या वेळी आम्ही ठिपके पाहिले. एकही दुभंगला नव्हता. नळी कोरडी होती. सौभाग्यवती अजून खिडकीशी जाग्या असतात. शॉकअपच्या सिलाने ते बदलणारे नाही, आणि बदलूही नये.

गावात ही गोष्ट पसरली. पुढे एक तरुण आपली नवी, महागाची गाडी घेऊन आला. तिचे शॉकअप उलटे, म्हणजे जाड नळी वर आणि बारीक खाली, आत आणखी गुंतागुंत. त्याला आम्ही नम्रपणे परत पाठविले. आतले हत्यार नेमके काय करते हेच जेथे ठाऊक नाही, तेथे मोरीतला दांडा घेऊन बसणे हा उद्योगीपणा नव्हे. दुसऱ्या एकाची गाडी कुंपणास धडकलेली होती. त्याची नळी आम्ही टेबलाच्या काचेवर लोळवून पाहिली. ती मध्ये उचलत होती. नळी वाकली आहे, सिलाचा येथे संबंध नाही, असे सांगून त्यालाही गॅरेजची वाट दाखविली.

साध्या गाड्यांसाठी मात्र आमचा पी.व्ही.सी. पाइप गावात पुष्कळ फिरतो. कन्येने त्यास भोक पाडून सुतळीने एक कागद बांधला आहे, पावसाने भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला. त्यावर आमच्या गाडीचे आकडे नाहीत. नुसते रिकामे रकाने आहेत: तेलाची प्रत, तेलाचे प्रमाण, पातळी, प्रत्येक बोल्टाचा आकडा, आवळणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही. पाइप नेणाऱ्याने आपल्या गाडीच्या पुस्तकातून ते भरावयाचे आणि भरून आम्हांस दाखवावयाचे. कागद नको, नुसता पाइप द्या, असे कोणी म्हटले, तर पाइप खुंटीवरच राहतो.